उंबऱ्याबाहेरचा गायक

नवरदेव म्हातारा होता आणि अर्ध्या गावाच्या मते वेडा होता. गाव रिद्धपूर, आजचा मोर्शी तालुका, जिल्हा अमरावती. काळ तेराव्या शतकाची अखेर. गोविंदप्रभूंना, म्हणजे गावाच्या तोंडी गुंडम राउळांना, एकदा लग्नाची लहर आली. भक्तांनी ती मोडली नाही. लग्नाचा घाट घातला आणि महदंबेला सांगितलं, गा. लहानपणीच विधवा झालेल्या या बाईनं वरापुढे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी गायली, तेच 'धवळे'. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर हेही याच जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या काठचं. म्हणजे कथानकसुद्धा घरचंच. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव आपण शाळेत पाठ केलं, तिची ही रचना मुळात एका लुटुपुटीच्या लग्नात, एका बेभान माणसाची हौस भागवायला, मोजक्या लोकांत गायली गेली. रंगमंच नाही, पडदा नाही, तिकीट नाही. गाणारी एक, ऐकणारे चार आणि मधोमध तो, ज्याला गावानं आपल्यात धरावं की बाहेर ठेवावं हे कधीच नीट ठरवलं नव्हतं.

हा प्रसंग आठवायला कारण आहे. युरोपात चार-पाच गायक, मूठभर वादक आणि शे-दीडशे श्रोते एवढ्यावर उभी राहणारी छोटेखानी संगीतिका आता पुष्कळदा फुटपाथवर येते. तिचा विषय असतो शहरातला घर असलेला माणूस आणि घर नसलेला माणूस यांची दोन मिनिटांची गाठ. लंडनमध्ये या प्रकाराला एक खोचक पूर्वपीठिका आहे. ऑपेरा पाहून बाहेर पडताना ज्यांना ओलांडून जावं लागतं ते बेघर, अशा अर्थाचं एक वाक्य १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश मंत्र्याच्या नावावर गाजलं. रात्रनिवाऱ्यात काम करणाऱ्या आणि संगीतसमीक्षाही लिहिणाऱ्या मॅट पीकॉक यांनी पुढे, २००२ मध्ये, 'स्ट्रीटवाइज ऑपेरा' नावाची संस्था काढली. ज्यांना ओलांडायचं तेच आता रंगमंचावर उभे राहून गाऊ लागले.

आपल्याकडे असं काही आहे का? अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात या विषयावरची संगीतिका लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण घर असलेला आणि घर नसलेला यांची गाठ गाण्यातून घडवायची रीत वऱ्हाडात सातशे वर्षं जुनी आहे. फरक एवढाच की आपल्याकडे बहुतेक काळ गाणारा तो होता आणि ऐकणारे आपण. हे कधी आणि कसं फिरलं, त्याचा हा माग.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. पण महानुभाव म्हाइंभटानं पंथाचे संस्थापक चक्रधर आणि त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या तेव्हा ते अग्रहाराचं, देवळांचं, बाजाराचं गाव होतं. गोविंदप्रभूंचं चरित्र वाचताना जाणवतं की ते जवळजवळ पूर्णपणे रस्त्यावर घडतं. ते बाजारात हिंडतात, दुकानातलं काहीबाही उचलून खातात, पोरांबरोबर खेळतात, कुणाच्याही घरात शिरून ताटावर बसतात. मातंगांच्या वस्तीत जातात आणि तसेच ब्राह्मणांच्या ओसरीवर येतात, मग तिथे गडबड उडते. त्यांना राहायला मठ होता, तेव्हा आजच्या सरकारी व्याख्येत ते बेघर बसणार नाहीत. पण कुठलंच घर आपलं नाही म्हणून प्रत्येक घर आपलं, हा त्यांचा खाक्या. गावकरी चिडतात, हसतात, वाढतात, हाकलतात आणि दुष्काळात किंवा अडचणीत पुन्हा त्यांच्याकडेच धावतात. प्रत्येक लीळा पाच-दहा ओळींची: एक दार, एक माणूस, एक विक्षिप्त कृती, एक उत्तर. त्या ओळींत लेखक निवाडा करत बसत नाही. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीलाच ही दारातली भेट अशी उघडीवाघडी नोंदवली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चक्रधरांनी तर बेघर असण्याचा नियमच घालून दिला. ओळखीचा मुलूख सोडावा, ओळखीची माणसं सोडावीत, मुलखाच्या टोकाला झाडाखाली जन्म काढावा आणि दारोदार भिक्षा मागावी, असा त्यांच्या आज्ञेचा आशय. एकाच घरी रोज जायचं नाही, आवडीचं वाढणारं घर लक्षात ठेवायचं नाही. म्हणजे दान देणाऱ्यावर उपकार नको आणि घेणाऱ्याला सवय नको. या पंथात महदंबा सतत प्रश्न विचारणारी म्हणून ओळखली जाई आणि चक्रधरांना तिच्या प्रश्नांचं कौतुक होतं. प्रश्न विचारणं आणि गाणं ही दोन कामं एकाच बाईकडे होती, हे लक्षात ठेवू. सहाशे वर्षांनी ती दोन्ही पुन्हा एकाच माणसात आली.

मधल्या काळात दारावरचं गाणं हा रीतसर व्यवसाय झाला. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, त्याच्याही आधी अंधारात कंदील आणि कुडमुडं घेऊन येणारा पिंगळा, झाडावर किंवा भिंतीवर चढून हाळी देणारा पांगुळ, सकाळ वर आली की नाथजोगी आणि डवरी गोसावी, दुपारी बहुरूपी. यांचं गाव कुठेतरी असे, पण वर्षातला बराच काळ बिऱ्हाड गाढवाच्या किंवा घोड्याच्या पाठीवर. घरातली बाई सुपात ज्वारी घेऊन येई; तो तिच्या सासर-माहेरच्या देवांची, गेलेल्या माणसांची नावं घेई आणि दान पोचल्याची पावती गाण्यातच देई. या व्यवहारात भीक कुठे संपते आणि कामाचा मोबदला कुठे सुरू होतो, हे कुणी विचारत नसे. ज्वारी दिली, नावं घेतली, चुकतं झालं.

त्याच सुमारास गोदावरीकाठी एक वेगळी गोष्ट घडली, आणि माझ्या मते या मागोव्यातला पहिला सांधाबदल तिथे आहे. पैठणच्या एकनाथांनी, म्हणजे भरल्या घरच्या गृहस्थानं, सोळाव्या शतकात या सगळ्या फिरत्या माणसांची सोंगं घेऊन भारुडं लिहिली. जोशी, गोंधळी, वासुदेव, फकीर, गारुडी, कोल्हाटीण, पोतराज, जोहार घालणारा महार, सगळे त्यात बोलतात. घरातल्या माणसानं घराबाहेरच्याचा आवाज उसना घेतला तो असा. नाथांच्या करुणेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, आणि ही सोंगं त्यांच्याइतकी जिवंत कुणी केली नाहीत. पण भारुडातल्या भिकाऱ्याची झोळी ज्ञानाची असते आणि भूक मुक्तीची. खरी भाकर मागणारा माणूस रूपकात विरघळतो. पुढच्या चारशे वर्षांत रंगभूमीवर जे जे भिकारी आले, ते बहुतेक याच वाटेनं आले.

लंडनमध्ये २९ जानेवारी १७२८ ला जॉन गेचा 'बेगर्स ऑपेरा' लागला. त्यात सुरुवातीला एक भिकारी येऊन हा खेळ आपणच लिहिल्याचं सांगतो. अर्थात तो गेनं लिहिलेला भिकारी. दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्याचा 'थ्रीपेनी ऑपेरा' केला आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. थिएटर अॅकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली तो गाजवला. ब्रेख्तच्या नाटकात पीचम नावाचा एक इरसाल धंदेवाईक आहे. भिकाऱ्यांना फाटके कपडे, लाकडी पाय आणि रडवेल्या पाट्या पुरवायचा त्याचा कारखाना. कुठल्या चिंधीनं गिऱ्हाईकाच्या काळजाला किती पाझर फुटतो याचा त्याला चोख हिशेब. तो खेळ बर्लिनमध्ये सुरू होता त्या वर्षी, १९२८ मध्ये, आमच्या मुलखातला एक माणूस तसाच चिंध्यांचा पोशाख करून गावोगाव हिंडत होता. फक्त त्याचा हिशेब पीचमच्या बरोबर उलटा होता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अंजनगाव सुर्जीजवळ. जात परीट. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला, म्हणजे अमरावतीतून अकोल्यात. मामाची शेती, गुरं, रात्री भजन. या चित्रात वऱ्हाडचा त्या वेळचा इतिहास मिसळल्याशिवाय पुढचं कळत नाही. १८५३ पासून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचा भाव चढवला, आगगाडी आली, बडनेरा, अकोला, खामगाव ही नावं मँचेस्टरच्या बाजारात पोचली. जमीन गहाण टाकता येते, हे कुणब्याला कळलं आणि सावकाराला त्याहून आधी कळलं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ. डेबूजीच्या मामाची जमीनही सावकारी कागदात अडकली; अडाणी अंगठ्यानं काय लिहून दिलं ते घरातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. तरण्या डेबूजीनं सावकाराच्या माणसांना शेतातून पिटाळलं, ती हकिगत त्यांच्या सगळ्या चरित्रांत आहे. पुढे आयुष्यभर या माणसाच्या तोंडी कर्ज, दारू आणि शाळा हे तीनच विषय का राहिले, याचं उत्तर दापुरीच्या त्या वावरात सापडतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. बायको, मुलं, आई, सगळी होती. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, दोन पायांत दोन तऱ्हेची पायताणं, हातात काठी आणि डोक्यावर मातीचं फुटकं गाडगं. तेच ताट, तीच वाटी, तीच टोपी. मुलूख बदलेल तसं नाव बदले: कुठे चिंधेबुवा, कुठे गोधडेबुवा, कुठे लोटकेमहाराज, कुठे खापरेबाबा, कुठे गाडगेबाबा. पीचमच्या भिकाऱ्याची चिंधी दया मागते. गाडगेबाबांची चिंधी समोरच्या गावाची परीक्षा घेई. जेवणावळीतून त्यांना भिकारी म्हणून उठवलं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला तोच माणूस उभा राहिलेला पाहून यजमान शरमले, अशा गोष्टी वऱ्हाडात हरेक गावी सांगतात. सगळ्या खऱ्या असतीलच असं नाही. पण त्या एवढ्या पसरल्या याचा अर्थ ऐकणाऱ्यांना आपली चूक नेमकी ओळखू येत होती.

कीर्तनाचा बेत सकाळपासूनच सुरू होई. गावात शिरायचं, कुणाशी न बोलता खराटा घ्यायचा आणि झाडायला लागायचं. आधी पोरं मागे लागत, मग बाया कुतूहलानं दारात, मग एखादा म्हातारा टोपली घेऊन. संध्याकाळपर्यंत गल्ल्या साफ आणि अर्धं गाव ओळखीचं. अंधार पडला की कंदिलाच्या, पुढे गॅसबत्तीच्या उजेडात तोच झाडणारा माणूस उभा राही. नारदीय कीर्तनाचा साचा, म्हणजे नमन, पूर्वरंग, आख्यान, उत्तररंग, त्याला ठाऊक असेल पण त्यानं तो पाळला नाही. शालजोडी नाही, पेटी नाही. नामाचा गजर सुरू करायचा, हजारोंच्या टाळ्यांनी तो वर चढवायचा आणि ऐन रंगात थांबवून विचारायचं.

विचारण्याची तऱ्हा जवळून पाहण्यासारखी आहे. पहिला प्रश्न इतका सोपा की शेंबडं पोरही उत्तर देईल. देऊळ कशासाठी? देवासाठी. देव दिसतो का? दिसतो. रात्री दिसतो का? दिवा लावला तर दिसतो. दिवा विझला तर? नाही दिसत. मग मोठा कोण, देव की दिवा? जमाव प्रत्येक पायरीवर हो किंवा नाही म्हणत खाली उतरत आलेला असतो. शेवटच्या पायरीवर पोचतो तेव्हा परत चढायला जिना राहिलेला नसतो. तसंच कर्जाचं. तसंच देवाला बकरं कापण्याचं. तसंच लग्नात दागिने मिरवून पोराला शाळेत न घालण्याचं. आणि हे सगळं अस्सल वऱ्हाडीत, मुंबईच्या गिरणगावातही वऱ्हाडीतच. स्वतःची ओळख विचारली तर मी अडाणी परीट, मला काय कळतं, एवढी करून देत. चरित्रकार प्रबोधनकार ठाकरे यांचं गद्य कुणापुढे सहसा हात टेकणारं नव्हतं, पण या कीर्तनाचं शब्दचित्र काढणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, अशी कबुली त्यांनी दिली आहे. बाबांबरोबर तरुणपणी राहिलेले, परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर यांनीही त्यांचं चरित्र लिहिलं. त्यातली माणसं बोलतात ती बोली गोनीदांनी कानांनी उचललेली आहे.

संगीतिकेच्या भाषेत मांडायचं तर एक मुख्य गायक आणि समोर बसलेला सगळा गाव हा समूहस्वर. पण या समूहाची तालीम झालेली नसते, त्याला संहिता ठाऊक नसते, आणि त्याला आपल्याच तोंडून आपल्याविरुद्ध बोलतं केलं जातं. घर नसलेला माणूस घर असलेल्यांना त्यांच्या घराचा हिशेब विचारतो: कर्ज किती, दारू किती, पोरगं शाळेत जातं की नाही. कीर्तन संपलं की पाया पडायला झुंबड उडायच्या आत तो पसार. यजमानाच्या घरी पंगत नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी दारी उभं राहून गाडग्यात झुणका-भाकर मागून घ्यायची. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथल्या धर्मशाळांसाठी त्यांच्या शब्दावर लाखांनी पैसा जमला. त्या धर्मशाळांत हजारो माणसं निजली. बाबा बाहेर, एखाद्या गवती झोपडीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

याच काळात याच वऱ्हाडात संगीत नाटकांच्या कंपन्याही येत होत्या. कापसाचा पैसा होता, दादासाहेब खापर्ड्यांसारखे शौकीन होते, वीर वामनराव जोश्यांसारखा नाटककार अमरावतीतच होता. १९१९ मध्ये गंधर्व मंडळींनी 'एकच प्याला' आणलं. दारूनं उद्ध्वस्त झालेल्या घरावर अख्खा महाराष्ट्र रडला, आणि सिंधूचं फाटकं लुगडं नेसलेल्या बालगंधर्वांना पाहायला आलेल्यांच्या अंगावर शालू-पैठण्या होत्या. दारूनं बाप गमावलेला एक परटाचा पोर तेव्हा ऋणमोचनाच्या यात्रेत, पूर्णेच्या काठी, तोच विषय उघड्यावर मांडत होता. दोन्हीकडे गर्दी होती. दोन गर्द्या एकमेकांना भेटल्याची नोंद मात्र मला कुठे दिसली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं. आठवड्यानं, ८ नोव्हेंबरला, बाबांचं कीर्तन मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं. सुदैवानं ते ध्वनिमुद्रित झालं. अखेरचं कीर्तन म्हणून तेच ओळखलं जातं. थकलेला, खरखरीत आवाज. त्यात तो दिव्याचा आणि देवाचा प्रश्न आहे, कर्ज आहे, शाळा आहे. ताट मोडा, हातावर भाकर घ्या, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असा घोष आहे. आंबेडकरांच्या बापाला पोराला शिकवायची बुद्धी झाली म्हणून देशाची घटना लिहिली गेली, हा दाखला आहे. महिन्याच्या आत आंबेडकर गेले. २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, बाबाही गेले. त्यांना मरणही रस्त्यावरच आलं, आणि त्यांच्या बाबतीत ही तक्रारीची बाब नाही.

आता पुढचं पान वाचा. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याच मुंबई राज्यानं भीक प्रतिबंधक कायदा केला. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं म्हणजे भीक, मग ती गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा वस्तू विकणं अशा कुठल्याही बहाण्यानं का असेना, असं त्याची व्याख्या सांगते. पोटापाण्याचं उघड साधन नसताना रस्त्यावर हिंडणं हेही त्यात येतं. पोलिसाला वॉरंटाशिवाय पकडता येतं. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं, पुढे दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. म्हणजे ज्या ठाण्यात तो माणूस १९५६ मध्ये गायला, त्याच ठाण्याला तीन वर्षांनी त्याच्यासारख्याला आत टाकायची मुभा मिळाली. सातशे वर्षं ज्याला आपण ज्वारीच्या सुपाचा मोबदला समजत होतो, ते गाणं या कायद्यात 'बहाणा' ठरलं. वासुदेव, पिंगळा, नाथजोगी, बहुरूपी या एका कलमात मावले. दिल्लीच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता.

त्याच वर्षी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मंगळवेढ्याकडून आलेल्या पाच डवरी गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस आपल्या आजोबांचं नाव गाण्यातून घेईल, ही ओळखच मधल्या काळात पुसली गेली होती. कायद्यानं त्याला संशयित ठरवलं होतं. जमावानं चौकशीही केली नाही.

गाणारा मागे हटला की त्याच्याबद्दल गाणारे पुढे येतात. लंडनमध्ये १९७१ साली रस्त्यावर राहणाऱ्यांवरच्या एका माहितीपटासाठी चित्रण चालू असताना एक म्हातारा भटक्या भजनाचं एक कडवं गुणगुणला. ते माहितीपटात वापरलं गेलं नाही. ती फीत संगीतकार गॅव्हिन ब्रायर्स यांच्याकडे आली. त्यांनी ते कडवं पुन्हा पुन्हा फिरवत ठेवलं आणि त्याखाली हळूहळू वाद्यवृंद चढवत नेला. रचना जगभर गेली. म्हातारा ती ऐकायच्या आधीच वारला. फार सुंदर चीज आहे, मी ती अनेकदा ऐकतो. पण तीत म्हाताऱ्याला एकच कडवं आहे, प्रश्न नाही. वांद्र्याची फीत लावली की तुम्हाला उत्तर द्यावं लागतं.

आपणही गाडगेबाबांना वाद्यवृंद चढवलाच. १९७७ मध्ये राजदत्तांनी 'देवकीनंदन गोपाला' काढला. बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली. देवाला निवृत्त करा म्हणणारा नास्तिक डॉक्टर त्या चिंध्यांत शोभला, याचं बाबांना नवल वाटलं नसतं. २००० च्या सुमारास त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं, त्यात खराटा उरला आणि प्रश्न गळाले. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर मात्र वेगळ्या वाटेनं गेले. बसस्थानकावर, रेल्वे फलाटावर टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर मुलं त्यांनी सांभाळली आणि शंभरावर मुलांच्या कागदांवर बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव लावलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ वर्षं पूर्ण झाली की मुलांना संस्थेबाहेर काढायचं, या नियमाविरुद्ध ते अजून बोलत असतात. रकान्यांशी भांडणारा असा माणूस बाबांच्या गोत्राचा म्हणायला हरकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशाप्रमाणे शहरात लाखामागे एक, चोवीस तास उघडा, बेघर निवारा हवा. २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर हिशेब केला तर अमरावतीला सहा आणि अकोल्याला चार. थंडीत पालिकेची, संस्थेची माणसं बडनेऱ्याच्या फलाटावर, अकोल्याच्या स्थानकाबाहेर, पुलाखाली, देवळाच्या पायऱ्यांवर फिरून निजलेल्यांना उठवतात. काम मोलाचं आहे आणि करणारे बहुतेकदा तुटपुंज्या मानधनावर ते करतात. तिथेही गाठ पडते, संवाद होतो. नाव काय? गाव कोणतं? घरी कोण आहे? आधार कार्ड आहे का? नशा करता का? प्रश्न घरवाल्याचे आणि उत्तरं बेघराची. नोंदवहीला दुसरा मार्ग नाही, हेही खरं.

कुणाला अमरावतीत किंवा अकोल्यात या विषयावर संगीतिका लिहायचीच असेल, तर पहिला प्रवेश या नोंदवहीचाच ठेवावा. पाच प्रश्न, पाच अर्धवट उत्तरं, साथीला फार तर एक खंजिरी. ती आमच्याकडे तुकडोजी महाराजांमुळे घरोघर आहे. दुसऱ्या प्रवेशात वही त्या माणसाच्या हातात द्यावी आणि त्याला विचारू द्यावं: घराचं कर्ज किती, हप्ते किती राहिले, रिकामी खोली आहे का, तीत काय ठेवलंय, पोराशी शेवटचं कधी बोललात. गायक मिळतील, खंजिरीवाला तर नक्की मिळेल. घोडं अडेल ते समूहस्वरापाशी. तो प्रेक्षागृहातूनच उठवावा लागणार, आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षक उजेड पडल्यावर मोठ्यानं 'हो' म्हणायला सहसा तयार होत नाही.